मानशीची पावणी आणि बांधाची डागडुजी

हरित व्यवसायाला भांडवल मिळाले की पडीक शेती आणि बेरोजगारी हे दोन्ही प्रश्न सुटतील, असे एक मत मांडले जाते; मला ते अर्धेच पटते. गोव्याच्या खाजन शेतीत (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खारजमिनीत) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी-झडपेची, लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात; तेथील मासळीच्या पावणीतून (मासे पकडण्याच्या हक्काच्या लिलावातून) येणाऱ्या पैशातून बांधांची डागडुजी व्हावी, ही गावकरीची, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेची, जुनी रीत होती (१५२६ च्या फोरालात, म्हणजे रीतिरिवाजांच्या सनदेत, पोर्तुगिजांनाही गावकरीचे नियम नोंदवून घ्यावे लागले).

बांध फुटला की खारे पाणी एकाच्याच कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) थांबत नाही. म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेला, खारटपणा सोसणारा कोरगुट तांदूळ विकू पाहणाऱ्या महिला बचत गटांना कर्जाआधी पावणीचा पैसा बांधावरच खर्च करणारा शेतकरी संघ हवा.