बेसिकची ओढ: भाषेची ताकद की नुसती सवय?

ओळ_दहा
जुने हौशी लोक बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा सोडत नाहीत ते केवळ आठवणींपोटी, हे मला पटत नाही. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर ‘पोक ५३२८०,२’ (मेमरीतल्या ५३२८० या जागी २ लिही) टाईप करून रिटर्न दाबा, स्क्रीनची कड तत्क्षणी लाल होते. ना फाईल, ना कंपाईल. त्याच ओळीआधी १० हा ओळीचा आकडा लिहा, झाला प्रोग्रॅम. केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ही भाषा आणली ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जमावी म्हणून. तो सोपेपणा अजून टिकून आहे.

स्टॅक_भरला
सोपेपणा पहिल्या वीस ओळींपुरता. त्याच मशीनवर व्हेरिएबलला ‘स्कोअर’ नाव द्या, सिंटॅक्स एरर येते, कारण इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात ‘ऑर’ हा कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द आहे. नावाची पहिली दोनच अक्षरं धरली जातात, म्हणजे ‘प्राइस’ आणि ‘प्रॉफिट’ एकच!
सर्वांत वाईट गोसब, म्हणजे उपप्रोग्रॅमकडे जाऊन परत येण्याचा हुकूम. ‘रिटर्न’ या हुकमानं परत न येता गोटूनं (दुसऱ्या ओळीवर थेट उडी) बाहेर पडत राहिलं की दर खेपेला स्टॅकवर, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायच्या जागेत, ५ बाइट अडकतात. स्टॅक जेमतेम २५६ बाइटचा. वीस-पंचवीस खेपांत ‘आउट ऑफ मेमरी’, आणि मेमरी तर हजारो बाइट मोकळी! नवशिका डेटा कमी करत बसतो, चूक असते उडीत.

प्रोसीजरवाली
हे दोष त्या आवृत्तीचे, भाषेच्या माथी का मारता? १९८१ च्या बीबीसी बेसिकमध्ये लांब नावं, प्रोसीजर (नाव दिलेले उपप्रोग्रॅम), लोकल व्हेरिएबल, रिपीट-अनटिल हे लूप, शिवाय चौकटी कंसात थेट असेंब्ली (प्रोसेसरची भाषा), सगळं होतं. नावं इंग्रजी लहान लिपीत लिहिली की कीवर्डशी टक्करही होत नाही.

स्टॅक_भरला
मान्य. पण मग गोटूची आणि ओळींच्या आकड्यांवर उड्या मारायची गरज गेली. उरलं ते मायक्रोपायथनही (छोट्या बोर्डांसाठीची पायथन भाषा) देतं, तिथेही हुकूम लगेच चालतो.

ओळ_दहा
रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर बेसिकमध्येच करून बघा. त्यावरचं बूटसेल बटण दाबून धरून पीसीला केबल लावा, दिसेल त्या ड्राइव्हवर पिकोमाइट या बेसिकची यूएफ२ फाईल टाका, सीरियल टर्मिनल (बोर्डाशी टाईप करून बोलायचा प्रोग्रॅम) उघडा. जीपी१५ या पिनला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी. ‘सेटपिन जीपी१५, डीआउट’, मग ‘पिन(जीपी१५)=१’. दिवा लागतो. ‘एडिट’ म्हटलं की एडिटरही बोर्डावरच. पीसीवर टर्मिनलखेरीज वेगळं काही बसवायला नको.

स्टॅक_भरला
बोर्डावरच्या एडिटरचा मुद्दा चांगला आहे, तो मी मोडत नाही. पण नवा सेन्सर जोडायचा झाला की मायक्रोपायथनची तयार लायब्ररी बहुधा सापडते. बेसिकमध्ये बऱ्याचदा सेन्सरची डेटाशीट (माहितीपत्रक) उघडून त्याच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यांत, आकडे स्वतः लिहावे लागतात.

प्रोसीजरवाली
तेच तर हवं असतं आम्हाला.