लनॉर्मांचे पत्ते: मेलेल्या बाईच्या नावावर पावणेदोनशे वर्षांचा धंदा?

कागदी_वाघ

फेसबुकवर सारखी एक जाहिरात डोळ्यांपुढे येते: नेपोलियनची जोसेफिन जिचा सल्ला घ्यायची त्या मादमोआझेल लनॉर्मांची ३६ पत्त्यांची विद्या शिका, तीही मराठीतून. शिकवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, ते त्या नावाशी आहे.

मारी आन लनॉर्मां (१७७२–१८४३) ही पॅरिसमधली खरोखरच गाजलेली भविष्यवाली. तूर्नों रस्त्यावर ५ नंबरात तिचं बस्तान होतं. डिसेंबर १८०९ मध्ये पोलिसांनी तिला उचललं, आणि त्या अटकेचंच भांडवल करून तिने १८१४ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं, स्वतःच प्रकाशित केलं. म्हणजे छापील मालाची ताकद बाई पुरेपूर ओळखून होती. तरी तिच्या नावाचे जे दोन संच आज विकले जातात त्या दोन्हींवर तिचं नाव लागलं ते ती गेल्यावर.

मोठा संच ५४ पत्त्यांचा. पॅरिसमध्ये मादाम ब्रतो यांनी तो १८४५ मध्ये काढला, बाई जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. लहान संच ३६ पत्त्यांचा, आणि तो तर मुळात फ्रेंचसुद्धा नाही! न्यूरेम्बर्गच्या योहान कास्पार हेक्टेलने १८०० च्या आसपास 'आशेचा खेळ' नावाचा करमणुकीचा खेळ रचला, बीलिंग नावाच्या प्रकाशकाने छापला. पत्ते सहा बाय सहा मांडायचे, दोन फासे टाकायचे, सोंगटी पुढे सरकवायची. पस्तिसाव्या पत्त्यावर जहाजाचा नांगर. तिथे पोचला त्याचा डाव. एक घर पुढे गेलात की छत्तिसावा क्रूस, बसा तिथेच. घोडेस्वार, जहाज, शवपेटी, कोल्हा ही आज 'लनॉर्मांची गूढ चिन्हं' म्हणून शिकवली जाणारी चित्रं या खेळातली आहेत. १८४० च्या दशकात जर्मन प्रकाशकांनी त्यांवर तिचं नाव डकवलं आणि संच धडाधड खपला.

याला मी नावाची चोरी म्हणतो. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी बोलावं.

रमलखुणा

मी हेच पत्ते बघते आणि पैसे घेऊन बघते, त्यामुळे मला बोलायलाच हवं. अर्धी गोष्ट सांगून धागा काढलात तुम्ही. हेक्टेलच्या खेळाबरोबर जे सूचनापत्रक होतं त्यात शेवटी भविष्य पाहण्याची रीतही दिली आहे. पत्ते पिसायचे, ज्याचं पाहायचं त्याच्याकडून काटून घ्यायचे, आठ-आठच्या चार ओळी लावायच्या आणि खाली उरलेले चार. मग जे पत्ते पडलेत त्यांवरून गोष्ट रचायची. मी काल एका मुलीच्या लग्नाचा प्रश्न पाहिला तो याच मांडणीवर. म्हणजे भविष्य नंतर कुणी घुसडलं नाही, ते पहिल्या छपाईपासून खोक्यातच होतं. नाव उसनं आहे, हे कबूल. पण रीत उसनी नाही.

कागदी_वाघ

ताई, पत्रकात तो 'करमणुकीचा' प्रकार म्हणूनच दिलाय, हेही सांगा की. आणि रीत जर हेक्टेलची, तर वर्गाच्या जाहिरातीत हेक्टेलचं नाव का नसतं? कारण न्यूरेम्बर्गच्या हेक्टेलचं नाव ऐकून कुणी फी भरणार नाही.

ढवळ्या

आपल्याकडे किती अभंगांखाली 'तुका म्हणे' आहे आणि त्यातले तुकोबांचे किती, यावर विद्वान अजून भांडतात. मागून कुणी रचलं आणि मुद्रा लावली. त्याला आपण चोरी म्हणतो का? परंपरा अशीच वाढते.

कागदी_वाघ

मुद्रा लावणाऱ्याने तुकोबांच्या मानधनाचं बिल फाडलं नव्हतं. इथे गिऱ्हाईक नाव पाहून पैसे मोजतंय.

जुनी_रद्दी

दोघांच्याही बोलण्यात एक माणूस सुटतोय, आणि त्याच्याशिवाय हा विषय होत नाही: एतेया. खरं नाव जाँ-बाप्तिस्त आलिएत (१७३८–१७९१), आडनावाची रोमन अक्षरं उलटी लावून घेतलेलं हे टोपणनाव. बी-बियाणं विकायचा, पुढे जुनी छापील चित्रं विकू लागला. याने १७७० मध्ये पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचं पुस्तक काढलं, तेही 'पिके' या डावाच्या साध्या ३२ पानांच्या जोडावर, वर स्वतःच्या नावाचं एक जादा पान. त्यात आज भविष्यासाठी गाजलेले टॅरोचे पत्ते नाहीत, इजिप्त नाही, काही नाही.

मग १७८१ मध्ये कूर द जेब्लँ नावाच्या पंडिताने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात लिहिलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं वाचलेलं पुस्तक आहे. पुरावा शून्य. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. आणि टॅरोचे पत्ते तर पंधराव्या शतकात उत्तर इटलीत डाव खेळायला बनलेले. पण पॅरिसमध्ये तेव्हा टॅरो खेळणारे फारसे नव्हतेच, त्यामुळे थाप पचली. आपले बियाणेवाले लगेच सरसावले. १७८३ पासून टॅरोवरची पुस्तकं, आणि १७८९ च्या सुमारास भविष्यासाठीच म्हणून आखलेला ७८ पत्त्यांचा स्वतःचा संच.

तो संच एकदा नीट बघा. प्रत्येक पत्त्याच्या वरच्या कडेला एक अर्थ छापलाय आणि खालच्या कडेला उलट पडल्यावरचा दुसरा. पहिलं पान प्रश्न विचारणाऱ्या पुरुषाचं, आठवं विचारणाऱ्या बाईचं. पाठांतराची गरजच नाही, पत्ता उघडा आणि वाचा. याला मी प्रकाशकाचं डोकं म्हणतो! गुरूकडे वर्षानुवर्षं बसून शिकायची विद्या त्याने दुकानातून उचलून न्यायच्या खोक्यात बसवली. आणि स्वतःचं नाव टाकून, मेलेल्याचं नाही.

तर्कटराव

इजिप्तची थाप विकली तीही स्वतःच्याच नावावर, वा! बाकी ज्यांना कायदा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेत कलम ४७९ होतं. भविष्य सांगणं, शकुन सांगणं, स्वप्नांचा अर्थ लावणं हा धंदा करणाऱ्याला ११ ते १५ फ्रँक दंड, आणि साहित्य जप्त. हा गुन्हा पुस्तकातून पुरता गेला तो १९९४ मध्ये नवी संहिता आली तेव्हा. पत्ते छापून विकणारा मात्र मोकळा. ब्रतोबाईंच्या संचाचं नावच मुळी 'बैठकीतला मोठा खेळ' अशा थाटाचं होतं. पकडली जाणार पत्ते मांडणारी, आणि कमावणार पेढी. तेव्हा 'परंपरा' वगैरे म्हणताना खिसा कुणाचा भरला तेही बघा.

रमलखुणा

तर्कटराव, हा मुद्दा माझ्या बाजूचा झाला की! नाव आणि नफा प्रकाशकांचा, कोठडी बायकांची. मग त्या बायकांनी पत्त्यांत जे अर्थ भरले ते त्यांचे नाहीत का? खोक्यावर कुणाचंही नाव असू दे.

जुनी_रद्दी

त्या मोठ्या संचाला मात्र नुसती नक्कल म्हणू नका. त्याचा एक पत्ता हातात घ्या: वर डाव्या कोपऱ्यात छोटं साधं पान, बदाम सत्ती वगैरे, मधे नक्षत्र, उजवीकडे एक अक्षर. मधोमध ग्रीक पुराणातला प्रसंग, ट्रॉयचं युद्ध नाहीतर सोनेरी लोकरीची मोहीम. त्याखाली फुलं, आणि फुलांच्या दोन बाजूंना दोन छोटे प्रसंग. एका पत्त्यात अख्खं पंचांग कोंबलंय. ज्याने कुणी हे रचलं त्याने मेहनत घेतली आणि स्वतःचं नाव गाळलं. कर्ती म्हणून छापलंय काय, तर 'काउंटेस' आणि पुढे तीन चांदण्या.

कागदी_वाघ

तेच तर म्हणतोय. मेहनत करणारा चांदण्यांत गेला.

पेठी_ग्राहक

कागदी वाघांशी सहमत, पण त्यांनी लहान मासा धरलाय. मोठा मासा ग्रिमो. १८४८ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही पत्ते छापणारी पेढी, एकेक करून जुने पत्तेवाले गिळत गेली. एतेयाचा संच, लनॉर्मांचा मोठा संच, सगळे पुढे ग्रिमोच्या छापाने जगभर गेले. १९३० मध्ये पेढीचे मालक पोल मार्तो यांनी 'जुना मार्सेय टॅरो' हा टॅरोचा संच बाजारात आणला. तो ठसठशीत लाल, निळा, पिवळा! हाताने साचे ठेवून रंगवलेल्या जुन्या प्रती पाहिल्यात तर हा यंत्रावरचा सपाट रंग लगेच ओळखू येतो. आणि १९४९ मध्ये त्याच मार्तोंनी जाड ग्रंथ लिहून कुठल्या रंगाचा आध्यात्मिक अर्थ काय ते समजावलं. आधी शाई ठरवायची, मग शाईचं तत्त्वज्ञान लिहायचं. माझ्या मते नाव चोरण्यापेक्षा हे भारी पडलं, कारण पुढच्या पिढ्यांनी तो रंग प्राचीन मानला.

जुनी_रद्दी

याच मार्तोंनी जमवलेला पत्त्यांचा प्रचंड संग्रह १९६६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला हेही लिहा. या थापा आज आपण पकडतो त्या अशाच संग्रहांमुळे.

पेठी_ग्राहक

लिहिलंत ना तुम्ही. ग्रंथ मात्र माघारी घेता येत नाही.

ढवळ्या

मग बेलीनचं काय करायचं, वाघसाहेब? १९६१ मध्ये ग्रिमोनेच 'बेलीनचा कौल' हा भविष्याच्या पत्त्यांचा संच काढला, फ्रान्समध्ये आजही जोरात खपतो. चित्रं एकोणिसाव्या शतकातल्या एदमों बियोदोची, हाताने काढलेली. बेलीन हा विसाव्या शतकातला भविष्यवाला, त्याच्या हाती ती आली. त्याने बियोदोचं नाव लपवलं नाही, उलट सगळ्यांना सांगितलं. तरी खोक्यावर ठळक नाव बेलीनचं. इथे मेलेल्याचं नाव विकलं नाही, ते मागे पडलं. तुमच्या न्यायाने चोरी इकडची की तिकडची?

कागदी_वाघ

इकडची नाही, त्याने सांगितलं ना. माझी मागणी तेवढीच आहे: वर्गाच्या जाहिरातीत एक ओळ टाका, 'खेळ हेक्टेलचा, नाव लनॉर्मांचं.' रमलखुणाताई, टाकणार का?

रमलखुणा

टाकते. पण 'करमणुकीचा' हा शब्द टाकणार नाही, आणि फीही कमी करणार नाही.