एपिजेनेटिक्सला मराठीत काय म्हणायचं, परजनुकीय की अधिजनुकीय?

वाईहून विचारतेय. लेकीच्या बीएस्सीच्या नोट्समध्ये एका पानावर परजनुकीय आहे न् दुसऱ्यावर अधिजनुकीय, बरोबर कुठलं? आणि जीन एक्स्प्रेशनला ‘जनुकाची अभिव्यक्ती’ लिहिलंय, अभिव्यक्ती म्हणलं की मला कवी-लेखकच आठवतात.

*

ताई, मी कराडचा, अधिजनुकीयच्या बाजूनं. ‘पर’ लागला की आपल्याला परकं, बाहेरचं ऐकू येतं, परगाव, परमुलूख तसं. इथं बाहेरून कुठलंच जनुक येत नाही, आहे त्याच डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल या बारीक रासायनिक गटाची खूण चिकटते नायतर डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो तिथली गुंडाळी घट्ट-सैल होते, अक्षरं तीच राहतात, वाचायचं काय न् झाकायचं काय तेवढं बदलतं. ‘अधि’मध्ये ‘वर’ हा अर्थ आहे आणि अधिपतीतला ताबा पण आहे.

एपिजेनेटिक्स हा मूळ शब्द जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांचा, १९४२ चा. माणूस इंग्रज पण अगदी लहानपणीची वर्षं भारतात गेलेली, वडील चहामळ्यात होते. आधी भूविज्ञान शिकले, मग गर्भाच्या वाढीकडं वळले, पुढं एडिनबरात प्राणी-आनुवंशिकी शिकवली. डीएनएची रचना कळली १९५३ ला, म्हणजे शब्द काढला तेव्हा त्यांच्या मनात मिथाइल नव्हतंच, जनुकांपासून अख्खा जीव टप्प्याटप्प्यानं घडतो कसा हे होतं. आजचा अर्थ नंतर चिकटला.

त्याच साली त्यांनी कॅनलायझेशन हा शब्द पण वापरला, म्हणजे बारीकसारीक धक्के बसले तरी वाढ ठरल्या पाटानंच जाते. आपण उसाला दारं धरतो ना, पाणी एकच, कुठलं दार मोडलं त्यावर कुठली सरी भिजणार ते ठरतं, तसंच जनुकांचं. महाबळेश्वरजवळच्या मांघरच्या, मधाच्या गावच्या, पेट्या बघा, राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अळीतनं होतात, रॉयल जेली शेवटपर्यंत मिळाली तर राणी. २००८ मध्ये कॅनबेराच्या संशोधकांनी अळ्यांमधलं मिथाइल चिकटवणारं एक एन्झाइम दाबलं तर बऱ्याचशा अळ्या राणीसारख्या वाढल्या!

*

दारं धरणं एकदम पटलं दादा. मग अभिव्यक्तीचं काय?

*

शास्त्रात रुळलाय तो शब्द, राहू दे, अर्थ एवढाच की जनुक वाचलं जाऊन त्याचं काम सुरू होतं. पण समजावताना नाम सोडून क्रियापद घ्या, ‘हे जनुक यकृतात व्यक्त होतं, मेंदूत गप्प असतं’. सायलेन्सिंगला, म्हणजे जनुक वाचलं जाऊ न देण्याला, पण ‘गप्प करणं’च म्हणा, ‘बंद पडणं’ नको, बंद पडलं म्हणलं की बिघडलं वाटतं, आणि हे गप्प जनुक पुन्हा बोलू शकतं.