मदत हवी आहे: अर्बानाच्या क्रॅनर्ट सेंटरला आई-बाबांना न्यायचंय

नमस्कार मंडळी, आई-बाबा सांगलीहून आलेत दोन महिन्यांसाठी, आम्ही शिकागोजवळ राहतो. त्यांना एकदा इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या क्रॅनर्ट सेंटरला न्यायचं चाललंय, एक ऑर्केस्ट्रा आणि जमलं तर एखादा डान्सचा प्रोग्राम. १९६९ पासूनचं आहे, एकाच इमारतीत चार थिएटरं, त्यातल्या मोठ्या हॉलला म्हणे दोन हजारांवर सीटा आणि आवाज इतका छान की शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने तिथे येऊन रेकॉर्डिंग केलंय. इथवर वाचून झालंय, आता खरे प्रश्न.

बाबांचा उजवा गुडघा गेलाय, दहा पायऱ्या म्हणजे मधे एक थांबा. पार्किंग इमारतीच्या खालीच आहे ना, तिथून लिफ्टने थेट लॉबीत जाता येतं का? सीट खाली घेऊ की बाल्कनीत? नाच बघायला पाय दिसले पाहिजेत असं आईचं म्हणणं (ती कथक शिकलीये, तिला तेवढंच बघायचं असतं), आणि बाबांना वाद्यं नीट ऐकू यायला हवीत.

अजून एक, हसू नका. बाबा मैफलीत बसले आणि गाण्यातली एखादी जागा आवडली की "क्या बात है" जोरात निघतंच तोंडातून, हातही मांडीवर चालू. सिम्फनीत वादक मधे थांबले तरी टाळ्या वाजवायच्या नसतात हे मी सांगितलंय, पण दाद कशी अडवायची? कुणी आपल्या आई-बाबांना नेलंय का तिथे? रात्री परत सव्वादोन तास गाडी चालवायची की मुक्कामच करावा?