हरल्यावर हात न मिळवता मैदान सोडणारी कबड्डीची पोरं

लाल माती, मालवण
नमस्कार. भातकापणी उरकली की वाडीवाडीतले रात्रीचे सामने सुरू होतील. आमची 11 ते 14 वयाची पोरं खेळतात चांगली, पण हरली की पंचांच्या अंगावर धावतात आणि हात न मिळवता निघून जातात. जिंकली की समोरच्यांच्या तोंडासमोर मांड्या थोपटतात. समजावून झालं, दटावून झालं. सरावातच काही बसवता येईल का?

खळ्यातला पंच
दादा, निम्मी भांडणं स्पर्शावरून होतात. सरावाची पहिली 10 मिनिटं शिट्टीच घेऊ नका. ज्याला हात लागला त्यानेच हात वर करून बाहेर जायचं. सुरुवातीला कोणी कबूल करणार नाही, कारण एकदा बाहेर गेलं की परत कधी आत येऊ याची खात्री नसते. दांडगा पोरगा नंबर मोडून घुसतो. नियम असा की जो आधी बाद, तो आधी जिवंत. बाद झालेल्यांना त्याच क्रमाने बसवा आणि तो क्रम सांभाळायला राखीव मुलांपैकी एक नेमा. हे पाळलं गेलं की कबुली आपोआप येऊ लागते. कबुलीला जादा गुण मात्र देऊ नका, मुलं गुणासाठी खोटंच कबूल करतात.

आणखी एक. लाल मातीत फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, दहा-पंधरा चढायांत पुसली जाते, मग पाय रेषेवर होता की बाहेर यावरून तंटा. मध्यंतरात रेषा पुन्हा मारा.

देवगडची ताई
पकडीचं मी सांगते. शिट्टी वाजली की सगळे हात लगेच सुटले पाहिजेत. नंतरही घोटा धरून ठेवला तर उठणाऱ्याचा गुडघा पिळतो, आणि पुढच्या चढाईत तो राग निघतोच. म्हणून क्रम घोटवून घ्या: शिट्टी, हात सोडणे, ज्याने पाय धरला त्यानेच हात देऊन उठवणे. आनंद आपल्या साखळीकडे तोंड करून करायचा; मांडी थोपटण्यावर सरसकट बंदी नको, तो या खेळाचा जोश आहे. पडलेल्याकडे बघून थोपटली तर सरावातसुद्धा पिवळं कार्ड, 2 मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघ एकाने कमी. भाषणापेक्षा हे लवकर कळतं.

लाल माती
ताई, पटलं. पण पंचांचा निर्णय खरंच चुकला तर?

खळ्यातला पंच
फक्त कर्णधाराने, एकदाच, नियमाचं नाव घेऊन विचारायचं. बाकीच्यांनी आपल्या जागी थांबायचं. 2023 च्या हांगझू आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 वर असताना लॉबीच्या (मैदानाच्या दोन्ही कडांचा, स्पर्श झाल्यावरच खेळात धरला जाणारा पट्टा) नियमावरून तासभर खोळंबला होता, शेवटी भारत 33-29 ने जिंकला. तिथे हे घडतं, तर वाडीच्या सामन्यात घडणारच. म्हणून नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांनी पंचांना विचारावं: स्पर्श न होता लॉबीत पाय गेला तर कोणाला बाद धरणार?

देवगडची ताई
हरल्यावर लगेच चुका काढू नका. हात मिळवणे, पंचांनाही, पाणी, मग घरी. चुकांचं बोलणं दुसऱ्या दिवशीच्या सरावात. पालकांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण सामना संपला रे संपला की दोरीपलीकडून काकाच ओरडायला लागतात आणि पोरं त्यांच्याकडेच बघत असतात.