सान हुआन : तीन दिवसांत काय जमलं, काय फसलं?

धागाकर्ती (न्यू जर्सी)
फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेचा सोमवार जोडून तीन दिवस मिळतायत. इथल्या थंडीचा वीट आलाय, म्हणून पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन ठरवलं. विमानाने चारेक तास. सोबत नवरा, नऊ वर्षांची लेक आणि अकोल्याहून आलेले सासू-सासरे. नवऱ्याला किल्ले बघायचेत, लेकीला समुद्र हवाय, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सासरे पक्के शाकाहारी. मला काय हवंय ते कुणी विचारलेलं नाही (झोप). जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहा, फजितीसकट. 'अठ्ठेचाळीस तासांत पंचवीस ठिकाणं' छापाचे व्हिडिओ बघून झालेत, ते नकोत.

गडकरी_टेक्सास
आधी नवऱ्याच्या बाजूने लिहितो. जुन्या शहराच्या दोन टोकांना दोन किल्ले आहेत. खाडीच्या तोंडावर एल मोरो आणि जमिनीच्या बाजूला सान क्रिस्तोबाल. एकाच तिकिटात दोन्ही होतात, मी दिले तेव्हा माणशी १० डॉलर होते, पंधरापर्यंतची मुलं फुकट. आम्ही दोन्ही एका दुपारी उरकले आणि पस्तावलो. एल मोरोच्या दारापर्यंत मोठं गवताळ मैदान आहे, सावलीला एक झाड नाही. बाराच्या उन्हात ते ओलांडताना बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी दार उघडताच एक करा, दुसरा दुसऱ्या दिवशी.

एल मोरो सुरू झाला १५३९ मध्ये, मग अडीचशे वर्षं वाढतच गेला. समुद्रापासून १४० फूट उंच, सहा टप्प्यांत खाली उतरणारा. १५९५ मध्ये फ्रान्सिस ड्रेक आरमार घेऊन आला, याच तोफांनी त्याला परतवलं. पण तीनच वर्षांनी दुसरा इंग्रज सरदार, कम्बरलँडचा अर्ल, पूर्वेकडे उतरून जमिनीवरून आला आणि किल्ला घेतला. पुढे हगवणीने त्याचीच माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा सोडून गेला. १६२५ मध्ये डचांनी गाव जाळलं. एवढं झाल्यावर स्पॅनिशांना उमगलं की पाठ उघडी आहे, आणि १६३४ पासून सान क्रिस्तोबाल उभा राहायला लागला. नवऱ्याला या क्रमाने दाखवा, म्हणजे दुसरा किल्ला 'आणखी एक किल्ला' वाटणार नाही.

मला स्वतःला सान क्रिस्तोबाल जास्त आवडला. गर्दी कमी, भुयारं, एका अंधारकोठडीत कैद्याने भिंतीवर काढलेली जहाजं. आणि अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायची पाच प्रचंड टाकी! आपल्या कुठल्याही गडावर गेलं की आधी टाकं बघायची सवय, त्यामुळे मी तिथेच अर्धा तास रेंगाळलो. तटावरच्या घुमटीसारख्या पहारेचौक्यांना गरीता म्हणतात, तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही त्यांचं चित्र दिसतं.

व्हिसावाली
माझा व्हिसाचा शिक्का संपला होता, नूतनीकरण अडकलेलं, तरी बिनधास्त गेले. हा देशांतर्गत प्रवास आहे, १८९८ च्या युद्धानंतर बेट स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. डॉलर चालतात, परत येताना पुन्हा 'प्रवेश' नाही. पासपोर्ट आणि कागद मात्र सगळ्यांचे जवळ ठेवा, सासू-सासऱ्यांचेही. हिवाळ्यात तिथलं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं, परतीची फ्लाइट त्या हिशेबाने बघा. मी नव्हती बघितली.

आजीसोबत_प्रवास
गुडघ्यांबद्दल. जुनं शहर बंदराकडून वर चढत जातं आणि रस्ते निळसर विटांचे आहेत (लोखंडाच्या मळीपासून ओतलेल्या, आदोकिनेस म्हणतात). दिसतात सुंदर, पावसाची सर आली की शेवाळलेल्या पायरीसारख्या होतात. आम्ही फोटो बघून तिसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. गच्ची होती, लिफ्ट नव्हती. आई दिवसातून एकदाच खाली उतरायची. बुकिंगआधी 'किती पायऱ्या?' एवढा एकच प्रश्न विचारा.

आईला सगळ्यात आवडलं ते तटाबाहेरचं. सान हुआनचा लाल दरवाजा आहे, पूर्वी जहाजातून उतरलेले पाहुणे यातूनच शहरात यायचे. तिथून बाहेर पडलं की तटाच्या पायथ्याने, समुद्राला लागून सपाट वाट जाते. भरपूर मांजरं. संध्याकाळी साडेपाचला गेलो, आई बाकावर बसली आणि तासभर उठली नाही. दरवाज्याजवळच ला रोगातिवा हे शिल्प आहे: बिशप आणि मशाली घेतलेल्या बायका. १७९७ च्या इंग्रजांच्या वेढ्यात रात्री ही मिरवणूक निघाली आणि शत्रूला वाटलं कुमक आली, अशी दंतकथा. आई म्हणाली, "बैलांच्या शिंगांना पलिते बांधण्याचीच गोष्ट की!"

बिनकांद्याचा_नाही
शाकाहारींनो, मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून लाकडी खलात लसणाबरोबर कुटतात. ऐकायला शाकाहारी, पण आत बहुतेकदा डुकराची कुरकुरीत कातडी असते आणि वर मांसाचा रस्सा. "सिन कार्ने, सिन काल्दो" (मांस नको, रस्सा नको) हे पाठ करा. राजम्यातही हॅम निघतं, तेव्हा "सिन हामोन" सुद्धा. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले काप, निर्धास्त खा.

मला वाईट वाटलं ते गांदुलेस घातलेल्या भाताचं. गांदुलेस म्हणजे आपली तूर हो! ओले दाणे. तूर मूळची आपल्याकडची, तिथे पार राष्ट्रीय भातात जाऊन बसली आणि त्यातही डुक्कर. वास घेऊन उठलो. चौकात हातगाडीवर पिराग्वा मिळतो, बर्फाचा गोळाच, फक्त टोकदार. 'तामारिंदो' मागा, चिंचेचा.

समुद्रवेडी
लेकीसाठी: जुन्या शहरात पोहायला किनारा नाही, खडक आणि तट. जवळचा एस्काम्ब्रोन बरा, बांधामुळे लाटा शांत. पतंग न्या! एल मोरोच्या त्याच बोडक्या मैदानावर संध्याकाळी सगळं गाव पतंग उडवतं. चिरिंगा म्हणतात, तिथेही विकत मिळतो.

स्पष्टवक्ता
मला नाही आवडलं. जानेवारीच्या तिसऱ्या वीकेंडला गेलो, तेव्हा सान सेबास्तियान रस्त्याचा उत्सव होता हे माहीत नव्हतं. मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, रात्रभर ढोल. त्यात मी भाड्याची गाडी घेतलेली. दोन तास पार्किंग शोधलं. शहर वाईट नाही, मी गाढव.

गडकरी_टेक्सास
@स्पष्टवक्ता, लोक मुद्दाम त्या उत्सवाला जातात हो! गाडीबद्दल मात्र सहमत. जुन्या शहरात ती लोढणंच. एल युन्केच्या जंगलात जायचं असेल तरच त्या दिवसापुरती घ्या. पण तीन दिवसांत सासूबाईंना घेऊन जंगल नको.

आजीसोबत_प्रवास
एक राहिलं. परतताना विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी शेतीखात्याचं स्कॅनिंग असतं. आमचे आंबे तिथेच राहिले. चूक आमचीच, पाटी होती.

धागाकर्ती (न्यू जर्सी)
जाऊन आलो! सगळ्यांचे आभार. तळमजल्यावरची खोली घेतली, गाडी घेतली नाही, किल्ले दोन सकाळी. नवऱ्याने टाक्यांचे चाळीस फोटो काढलेत. लेकीचा पतंग बहुधा अजून तटावर अडकलेला असेल. रात्री खिडकीबाहेर कोकी नावाचे इवलेसे बेडूक "को-की, को-की" करत होते, त्यात मी दोन्ही रात्री नऊ तास झोपले.

सासऱ्यांचं सांगायचंय. इथलं तुरीचं वाचून त्यांनी सान हुआनच्याच सांतुर्से भागातल्या मंडईचा हट्ट धरला. टॅक्सीने गेलो. तिथे हिरव्यागार तुरीच्या शेंगा! वऱ्हाडात हिवाळ्यात शेंगा उकडून खायच्या, हे त्यांचं वर्षाचं व्रत, यंदा हुकलेलं. भाजीवालीला इंग्रजी येत नव्हतं, यांना स्पॅनिश, तरी दोघं दहा मिनिटं बोलले. चार पौंड घेतल्या. न्यू जर्सीला न्यायच्या म्हणत होते, मी आंब्यांची गोष्ट सांगितली. मग खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये मीठ घालून सगळ्या उकडल्या आणि रविवारी रात्री आम्ही पाच जणांनी पलंगावर वर्तमानपत्र पसरून संपवल्या. जेवायला बाहेर गेलोच नाही.