कारखान्याची वसाहत म्हणजे फक्त क्वार्टर्स आणि भोंगा?

कारखान्याच्या वसाहतीत स्वतःचं असं काही घडत नाही, असं काहीजण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी बघा. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचं रान! पाण्याची बोंब, सापांचा सुळसुळाट. 1910 साली तिथे वस्ती उभी राहिली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती त्या काळातली ही गोष्ट.

मला सगळ्यात मोठी वाटते ती लक्ष्मणरावांची माणसांची पारख. शिक्षा भोगून आलेल्या, कोणी दारात उभं करणार नाही अशा माणसांना त्यांनी राखणीचं काम दिलं. एवढा विश्वास टाकायला छाती लागते.

आणि त्याच माळावरून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवातीला ते कारखान्याचंच पत्रक होतं, पण शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं. पुढे 1930 मध्ये 'स्त्री' हे बायकांसाठीचं मासिक आलं. पुण्या-मुंबईबाहेर, एका कारखान्याच्या गावातून!